डोलकर म्हणजे डोलणारा नव्हे

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

अर्नाळ्यात कोणत्याही हळदीला जा, एक गाणं चुकत नाही. रात्रीचे दहा वाजत आलेले असतात, मांडवात पाय ठेवायला जागा नसते, आणि बँडवाला क्लॅरिनेट तोंडाला लावून 'मी डोलकर'ची पहिली ओळ काढतो. मग नव्वदीची आजी आणि नऊ वर्षांचा नातू एकाच ठेक्यावर पाय टाकू लागतात. मागच्या वर्षी अशाच एका मांडवात मी शेजारच्या मुलाला सहज विचारलं, "काय रे, डोलकर म्हणजे कोण?" तो नाचता नाचताच म्हणाला, "डोलतो तो डोलकर, चाचा!"

मुलगा विरारहून लोकल पकडून नोकरीला जातो. पण त्याच्या आजोबांनी जन्मभर डोल लावली. त्याच्या उत्तराने मी जरा हललोच. आज या गाण्याबद्दल बोलायचं ठरवलं ते त्यामुळेच.

डोल हे मासे धरण्याचं जाळं. मोठ्या नरसाळ्यासारखी पिशवी म्हणा ना. तोंड रुंद, शेपूट निमुळतं. समुद्राच्या तळात खुंट ठोकायचे, त्यांना जाळं बांधायचं आणि तोंड प्रवाहाकडे ठेवायचं. पुढचं काम पाणी करतं. भरती-ओहोटीचा लोट जाळ्यातून धावतो आणि त्याच्याबरोबर आलेले बोंबील, जवळा, करंदी, मांदेली शेपटाकडे जाऊन अडकतात. पाणी उलटण्याच्या आत जाळं उचलायचं, नाहीतर हाती आलेलं परत वाहून जातं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, तेव्हा पाण्याला ओढ. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी मंद आणि डोल उपाशी. म्हणजे डोलकराचं घड्याळ चंद्रावर चालतं. लहानपणी आम्ही ईदचा चांद बघायला ओट्यावर उभे राहायचो, तेव्हा शेजारचे तांडेलकाकाही वर बघत असायचे. त्यांना आपल्या कामाची तिथी हवी असायची.

खुंट ठोकण्याच्या जागेला कव म्हणतात. कवींवरून इकडच्या आणि पालघर-डहाणूकडच्या मच्छीमारांत जुनी भांडणं आहेत. वर्तमानपत्रात 'कवींचा वाद' असं शीर्षक पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, आमच्याच मंडळींचं काहीतरी बिनसलं!

तर गाणं. शब्द शांता शेळके यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकर यांची, आवाज लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचे. या चौघांत कोळी कोणीच नाही. शांताबाईंचा जन्म 1922 चा, इंदापूरचा, म्हणजे घाटावरचा. हेमंतकुमार बंगाली. आणि तरीही कोळीवाड्याने हे गाणं आपलं म्हणून उचललं. हे कसं झालं?

मला वाटतं, पहिलं कारण ठेका. सहा मात्रांचा तो झोका आमच्या किनाऱ्यावर गाण्याच्या कितीतरी आधीपासून होता. तो नाचात होता, वल्ह्यातही होता. वल्हं मारताना एक जोर आणि मग एक सैल क्षण असतो, सगळ्यांचे हात बरोबर पडले तरच होडी पुढे जाते. हृदयनाथांनी तो झोका तसाच ठेवला. 'डोलकर' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो तेव्हा त्यातला 'डो' लांबतो आणि 'कर' आखडतो. एकदा म्हणून बघा, खांदा आपोआप हलेल. शांताबाईंच्या कानाची ही करामत. नाव धंद्याचं, आणि उच्चारलं की डोलायला लावणारं. शेजारचा मुलगा फसला तो या करामतीमुळे, त्याचा फारसा दोष नाही.

दुसरं कारण हेमंतकुमारांचा आवाज. त्यांच्या बंगालात नावाड्यांच्या गाण्यांचा भटियाली नावाचा प्रकार आहे, त्याची नाळ ओहोटीशी सांगतात. त्यांचा भरदार, जराही घाई नसलेला सूर ऐकला की माणूस पाण्यावर एकटा असल्याची खात्री पटते. आणि त्याला उत्तर द्यायला लताबाईंचा सूर येतो, तो किनाऱ्यावरून आल्यासारखा. दोन आवाजांमधलं ते अंतर म्हणजे गाण्यातला समुद्र.

परमुलखातलं एक उदाहरण सांगतो. 'सेलिंग' हे सौम्य रॉक गाणं तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. ते लिहिलं गॅव्हिन सदरलंडने आणि 1972 मध्ये पहिल्यांदा काढलं ते सदरलंड ब्रदर्स बँडने. तेव्हा त्याचा फारसा बोलबाला झाला नाही. 1975 मध्ये रॉड स्टुअर्टने ते अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, मसल शोल्सच्या स्टुडिओत गायलं. हे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत! त्या वर्षी ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढे 1976 मध्ये बीबीसीने 'आर्क रॉयल' या युद्धनौकेवर मालिका केली, तिला हेच गाणं लावलं आणि ते खलाशांचं होऊन गेलं. गंमत अशी की गीतकाराच्या मते ते जहाजांवर नव्हतंच, जिवाच्या ईश्वराकडच्या प्रवासाचं होतं. तिथे रूपकातला समुद्र खऱ्या खलाशांनी आपला मानला. आपल्याकडे घाटावरच्या कवयित्रीने धंद्याचा खरा शब्द उचलला आणि धंदेवाल्यांनी पावती दिली. मला आपलं गाणं जास्त अवघड वाटतं. रूपक चुकलं तर कोणी विचारत नाही. डोलीची चूक कोळणीने तिथल्या तिथे पकडली असती.

आता थोडं माझं. मी मराठीत कविता लिहितो. कार्यक्रम संपला की कोणीतरी प्रेमाने जवळ येऊन म्हणतं, "तुमचं मराठी इतकं छान कसं हो?" पंचवीस-तीस वर्षं हा प्रश्न ऐकतोय. पूर्वी राग यायचा. आता मी त्यांना कोळीगीतं ऐकायला सांगतो. दर्या हा शब्द फारसी. बंदर फारसी, किनारा फारसी. नाखवा म्हणजे मूळचा नाखुदा, नावेचा धनी. सारंग हा सरहंगचा धाकटा भाऊ. खलाशी आणि तुफान अरबीतून आलेले. ही मंडळी गलबतांतून आली, इथल्या खारट हवेत त्यांचे उच्चार झिजले आणि ती कोळणीच्या तोंडी बसली. आमच्या अर्नाळ्याच्या किल्ल्यात त्र्यंबकेश्वराचं देऊळ आहे आणि दर्गाही आहे. 1737 मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. बेटावर जाणाऱ्या होडीत कोण कुठे निघालाय हे नाखवा विचारत नाही, भाडं मागतो.

एक तक्रार मात्र आहे. गाण्याने डोलकराला राजेपण बहाल केलंय. तांडेलकाकांना मी हे एकदा म्हणालो. ते जाळं शिवत होते. त्यांचं म्हणणं असं पडलं की डोल लावणाऱ्याने राजासारखं वागूनच चालत नाही. तो मासा शोधत जात नाही, पाण्याने आणून दिलं तर घेतो. राजा तो पाणी, आपण त्याच्या दारातले. मग जरा थांबून म्हणाले, पण गाणं ऐकताना तेवढा वेळ बरं वाटतं, ते राहू दे.

काकांनी पुढे होडी विकली. मुलगा नोकरीला, नातवाचं वर सांगितलंच. त्या हळदीच्या रात्री ते मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसले होते. बँडवाल्याने पोरांच्या आग्रहाखातर गाण्याचा वेग वाढवला, ढोलही तसाच धावायला लागला. काका उठले, काठी टेकत क्लॅरिनेटवाल्यापर्यंत गेले आणि त्याच्या दंडावर हात ठेवला. मला वाटलं, आता रागावणार. ते म्हणाले, "हळू घे रे. जाळं भरलेलं आहे."

नातू नाचायचा थांबला आणि आजोबांकडे बघत राहिला. क्लॅरिनेटवाल्याने पहिल्यापासून धरलं.