विटकरी रंगाचे अनुमान

आयुर्वेदाच्या पहिल्या वर्षी पदार्थविज्ञान आणि क्रियाशारीर हे दोन विषय आम्हांस एकाच वेळी होते. सकाळी व्याप्ती, हेतू आणि हेत्वाभास यांचा पाठ होई व दुपारी प्रयोगशाळेत मूत्रपरीक्षण. सकाळच्या पाठाचा दुपारच्या परीक्षानळीशी काही संबंध असेल, अशी शंकाही त्या वयात आम्हांस आली नाही. ती आली पुढे काही वर्षांनी, एका बाळंतिणीच्या निमित्ताने. तोवर व्हायची ती चूक होऊन गेली होती.

जीवरसायनाच्या त्या प्रात्यक्षिकांत सर्वांच्या आवडीची परीक्षा म्हणजे बेनेडिक्टची. निळ्या द्रावणाचे ५ मिलिलिटर परीक्षानळीत घ्यावयाचे, त्यात मूत्राचे ८ थेंब टाकावयाचे, नळीचे तोंड शेजाऱ्याच्या बाजूला होणार नाही अशी ती धरून दोन मिनिटे उकळावयाचे आणि थंड होऊ द्यावयाचे. निळा रंग तसाच राहिला तर शर्करा नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी अशा चढत्या क्रमाने शर्करेचे प्रमाण अधिक. गडद विटकरी रंग म्हणजे साधारण २ टक्के किंवा त्याहून जास्त. जर्नलमध्ये आम्ही हे रंग खडूने रंगवले, सही घेतली आणि विषय संपवला.

वस्तुतः तेथे विषय सुरू व्हावयास हवा होता. स्टॅन्ली बेनेडिक्ट या अमेरिकन रसायनज्ञाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे द्रावण सिद्ध केले. एक लिटर द्रावणात १७.३ ग्रॅम मोरचूद, १७३ ग्रॅम सोडियम सायट्रेट आणि १०० ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, असतो. मोरचूद म्हणजे आपल्या रसशास्त्रातील तुत्थ. सोडा आणि तुत्थ नुसते एकत्र केले तर ताम्र साका होऊन तळाशी बसेल. त्याला विरघळलेले ठेवण्याचे काम सायट्रेट करते. त्यापूर्वीच्या फेलिंगच्या परीक्षेत दोन द्रावणे वेगळी ठेवून ऐन वेळी मिसळावी लागत आणि त्यातील तीव्र क्षार थोडी शर्करा स्वतःच नष्ट करी. बेनेडिक्टची एक बाटली मात्र कपाटात महिनोन्महिने टिकते. खेड्यापाड्यांतील दवाखान्यांत ती पोहोचली ती याच गुणामुळे.

उकळताना घडते ते असे. ग्लुकोजच्या रेणूत एक मोकळा, क्रियाशील गट असतो. तो ताम्राचे क्षपण करतो, म्हणजे त्यास इलेक्ट्रॉन देतो, आणि निळे ताम्र बदलून तांबड्या ताम्र ऑक्साइडचा साका पडतो. हिरवा वा पिवळा हे निराळे पदार्थ नव्हेत; नव्याने पडणारा साका आणि शिल्लक राहिलेला निळा रंग यांच्या मिश्रणातून ते दिसतात. येथे नीट पाहिले तर ध्यानात येते की या नळीने आपणांस ग्लुकोज दाखवलेलेच नाही. ताम्राचे क्षपण करणारे काहीतरी त्या मूत्रात आहे, एवढेच तिने सांगितले. उरलेले आपण अनुमानाने भरले.

सन २००५ च्या सुमारास आम्ही तालुक्यापासून दूर एका गावी नुकताच दवाखाना थाटला होता. सव्वा महिन्याची बाळंतीण सासूबाईंबरोबर आली. थकवा, तहान, वरचेवर मूत्रप्रवृत्ती अशा तक्रारी होत्या. आम्ही मूत्र तपासले. द्रावण स्पष्ट पिवळे झाले. तहान आणि बहुमूत्रता यांची जोड मिळताच आम्ही प्रमेहाचे निदान सांगून मोकळे झालो. डिंकाचे लाडू, अळीवाची खीर, दूधभात सर्व बंद केले. सासूबाईंनी विचारले, "डॉक्टर, हिला साखर निघाली, मग बाळाला पाजायचं का नाही?" आम्ही पाजण्यास सांगितले, हे एक बरे केले. परंतु ऐन सूतिकावस्थेत त्या बाईचा आहार निम्म्यावर आणला. पथ्य तिने निष्ठेने पाळले. तीन आठवड्यांनी ती परत आली ती वाळलेली; दूध आटले होते, बाळाचे वजन जेमतेम वाढले होते आणि त्यास वरचे दूध सुरू झाले होते. तेव्हा कोठे आम्ही तिला रक्ततपासणीसाठी तालुक्यास पाठवले. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची, दोन्ही रक्तशर्करा प्राकृत निघाल्या.

मूत्रात होती ती दुधातील शर्करा, लॅक्टोज. गरोदरपणाच्या अखेरीस आणि स्तन्यकाळात ती मूत्रात उतरू शकते व ग्लुकोजप्रमाणेच ताम्राचे क्षपण करते. तहान पाजण्याची होती आणि पाणी अधिक प्याल्याने मूत्र अधिक. आहार पूर्ववत केल्यावर बाई सावरली, थोडे दूधही परतले. बाळाचे वरचे दूध मात्र सुटले नाही.

त्या रात्री आम्हांस पदार्थविज्ञानाची वही आठवली. धूर असेल तेथे अग्नी असतो, पण अग्नी असेल तेथे धूर असतोच असे नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. अग्नीवरून धुराचे अनुमान करावयाचे तर ओल्या सरपणाचा उपाधी पाहावा लागतो, नाहीतर हेतू व्यभिचारी ठरतो. मूत्रात पुरेसे ग्लुकोज असेल तेथे नळी लाल होते, ही व्याप्ती खरी. आम्ही ती उलटी वाचली होती. परीक्षेत या प्रश्नास आम्हांस पूर्ण गुण मिळाले होते, हे येथे नमूद करणे भाग आहे.

ही व्याप्ती मोडणारी द्रव्ये थोडी नाहीत. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने बेनेडिक्ट सकारात्मक येऊ शकते. अल्काप्टोन्युरिया या दुर्मिळ आनुवंशिक विकारातील होमोजेन्टिसिक आम्लानेही येते. उलट स्वयंपाकघरातील साखर, म्हणजे सुक्रोज, हिने द्रावण निळेच राहते, कारण तिचे दोन्ही क्रियाशील गट एकमेकांत गुंतलेले असतात. सौम्य आम्लाबरोबर उकळून, आम्ल सोड्याने मारून मग परीक्षा केली तर तीच साखर लाल रंग देते. चरकाचार्यांनी प्रमेहाच्या पूर्वरूपांत शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या येण्याचा उल्लेख केला आहे. मुंगी माधुर्य शोधते, ताम्र क्षपण शोधते. दोन साक्षीदारांना दोन निरनिराळे प्रश्न विचारलेले आहेत, हे ध्यानात न घेता मुंगीला बेनेडिक्टची पूर्वज ठरवण्याचा उत्साह आपल्या व्यासपीठांवर अधूनमधून दिसतो. तो आम्हांस मान्य नाही.

ग्लुकोज ऑक्सिडेज या किण्वकावर आधारलेली पट्टी १९५६ साली बाजारात आली. ती ग्लुकोज ओळखते, लॅक्टोजला दाद देत नाही. म्हणजे पट्टी नकारात्मक आणि बेनेडिक्ट सकारात्मक असेल तर दुसरे क्षपणकारी द्रव्य शोधावे. परंतु पट्टीचाही उपाधी आहेच. ज्या क जीवनसत्त्वाने बेनेडिक्ट खोटे सकारात्मक येते, त्यानेच पट्टी खोटी नकारात्मक येऊ शकते.

मूत्रातील ग्लुकोज निर्विवाद सिद्ध झाले तरी त्यावरून रक्तातील शर्करेकडे जाणे हे आणखी एक अनुमान होय. सामान्यतः रक्तशर्करा १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेल्यावर ती मूत्रात उतरते. म्हणून मूत्र स्वच्छ असताना मधुमेह असू शकतो. वृद्धांत ही मर्यादा वर सरकल्याने तर विशेषच. गर्भिणीत ती खाली येते. आणि आज एक नवाच प्रकार आपल्यापुढे आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे वृक्कातून ग्लुकोज मुद्दाम बाहेर टाकून रक्तशर्करा उतरवतात. अशा रुग्णाची नळी विटकरी होणारच. ती पाहून औषध वाढवणारा वैद्य आमची २००५ ची चूक नव्या रूपात करील. निदान रक्तावरच करावे: उपाशीपोटी १२६ वा त्याहून अधिक, अथवा ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी २०० वा अधिक, आणि लक्षणे स्पष्ट नसतील तर पुन्हा तपासून. गर्भिणीचे निकष याहून खालचे व वेगळे आहेत.

बेनेडिक्टची निळी बाटली आम्ही टाकून दिलेली नाही. आंतरवासीय विद्यार्थी दवाखान्यात आले की त्यांच्यापुढे चिठ्ठी नसलेल्या तीन नळ्या ठेवतो: एकीत ग्लुकोजचे पाणी, दुसरीत साखरेचे, तिसरीत क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचे. बहुतेक जण पहिल्या आणि तिसऱ्या नळीस मधुमेह लिहितात, दुसरीस निरोगी. मग आम्ही त्यांच्या हाती पट्टी देतो आणि तिघांचे निकाल पुन्हा लिहावयास सांगतो.