२५ हजार बायोडेटा, ७.४ सेकंद

१६ जुलै २०२४ रोजी मुंबईत कलिन्याला एआय एअरपोर्ट सर्व्हिसेसची थेट भरती होती. जागा २,२१६ होत्या आणि बातम्यांनुसार उमेदवार आले सुमारे २५ हजार. काम विमानात सामान चढवण्या-उतरवण्याचं, पगार २० ते २५ हजारांच्या घरात. गर्दी आवरेना तेव्हा मुलांना सांगण्यात आलं, बायोडेटा ठेवा आणि घरी जा. माणूस परत गेला, त्याच्या वतीने बोलायला एक कागद तेवढा मागे राहिला.

असा कागद किती वेळ वाचला जातो? अमेरिकेतल्या लॅडर्स या नोकरीविषयक कंपनीने २०१८ मध्ये भरती करणाऱ्यांच्या नजरेचा माग घेतला. एका रेझ्युमेवरची पहिली नजर सरासरी ७.४ सेकंद टिकत होती. हाच वेग धरला तर २५ हजार कागदांवरून नुसती नजर फिरवायला एका माणसाला ५१ तास लागतील. आपल्याकडचा आकडा थोडा वेगळा असेल, पण हिशोब मिनिटांचा नाही, सेकंदांचाच राहील.

वसईजवळच्या आपल्या उमेळे गावातला तरुण एकाच वेळी दोन रांगांत उभा असतो. वसई रोड आणि नायगाव ही दोन्ही स्थानकं जवळ, पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवलीचे कारखान्यांचे गाळे आणि लोकलने मुंबई. एक रांग सरकारी भरतीची, दुसरी खासगी नोकरीची. या दोन रांगांचे नियम वेगळे आहेत आणि तिथेच बहुतेकांची गल्लत होते.

राज्याच्या २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सुमारे १७ लाख ७६ हजार अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे १०२. तिथे ग्राउंडचे ५० गुण, लेखीचे १०० आणि मुलाखतीचे शून्य. ग्राउंडवर निम्मे गुण मिळवणाऱ्यांतून एका जागेमागे दहा जण लेखीला जातात. किती वेळात धावलात आणि लेखीत किती गुण पडले, असंच तिथे मोजतात. स्वतःबद्दल चांगलं बोलण्याला तिथे जागाच नाही, म्हणून ‘व्यक्तिमत्त्व विकासा’च्या क्लासची फी भरण्याआधी आपण ज्या परीक्षेला बसतोय तिची गुणपद्धत पाहावी.

यूपीएससीत मुलाखत असते, २,०२५ पैकी २७५ गुणांची, म्हणजे साडेतेरा टक्क्यांची. पण २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेत पूर्वपरीक्षेला बसलेल्या ५,९२,१४१ जणांपैकी मुलाखतीपर्यंत पोहोचले २,८५५. दर २०७ जणांत एक. त्यातून निवडले गेले १,०१६. शेवटच्या खोलीत स्पर्धा तिघांत एकाची होते, तोवर जे काही ठरतं ते उत्तरपत्रिकेवर.

खासगी नोकरीत मात्र उलटं आहे. तिथे आधी कागद वाचला जातो आणि आपला कागद फार वाईट असतो. आपला बायोडेटा अजून लग्नाच्या बायोडेटासारखाच लिहिला जातो. वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, छंद. पानाचा वरचा भाग यातच संपतो आणि ते सात सेकंदही.

समजा, एक मुलगी वालीवच्या एका गाळ्यात तीन वर्षं स्टोअर सांभाळते आहे. ती लिहिते, ‘स्टोअरचं काम पाहिलं, कष्टाळू, प्रामाणिक.’ हे कुणीही लिहील. तिच्याजवळ खरं तर याहून मोठा ऐवज आहे: ६०० प्रकारचा माल, रोजची ४० चलनं आणि वर्षअखेरच्या मोजणीत पाच टक्क्यांवरून एक टक्क्यावर आलेली तफावत. ही ओळ पहिली हवी. यातला प्रत्येक आकडा खरा असला पाहिजे, कारण मुलाखतीत पुढचा प्रश्न ‘हे कसं केलंत?’ असाच येणार. त्याचं उत्तर तिच्याकडे आहे, कारण ते काम तिने केलं आहे. नर्सला एका पाळीतल्या खाटा सांगता येतात, इलेक्ट्रिशियनला बसवलेले पॅनल. काम करताना रोजची नोंद ठेवली नसेल तर हे आकडे ऐनवेळी आठवत नाहीत.

कागद चांगला झाला की न्याय होतोच, असं मात्र नाही. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. सारख्या पात्रतेच्या अर्जांत फरक फक्त नावाचा होता. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले: सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. हा दोष उमेदवाराचा नाही, तो निवडणाऱ्यांचा आहे आणि त्यांनीच सुधारायला हवा. नाव बदलता येत नाही, बदलूही नये. पण धर्म आणि जातीचे रकाने खासगी अर्जात स्वतःहून कशाला भरायचे?

आता ओळखीचं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७० च्या सुमारास ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं, ज्याने खबर दिली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? ‘वरचेवर’ म्हणणारे १६.७ टक्के निघाले. ‘अधूनमधून’ ५५.६ आणि ‘क्वचित’ २७.८. कारण सरळ आहे. रोज भेटणाऱ्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं, नवी खबर लांबच्या माणसाकडून येते. याला वशिला म्हणू नये. वशिल्यात पात्रता नसताना जागा मिळते, इथे पात्र माणसाला जागा रिकामी असल्याचं वेळेवर कळतं.

म्हणून उमेळ्यातल्या ज्या दादा-ताईंची बँकेत, इस्पितळात, विमानतळावर, आयटी कंपनीत दहा-पंधरा वर्षं झाली आहेत, त्यांना विनंती आहे. या महिन्यात गावातल्या दोन मुलांचे बायोडेटा मागून घ्या आणि लाल पेन घेऊन वाचा. आपल्या ऑफिसात जागा निघाली की आधी त्यांना फोन करा.