भिंतीआडचा गडी कुणाला दिसतो?

गोळीबाराच्या ऑनलाइन गेममध्ये भिंतीआड दबा धरून बसलेला गडी तुम्हाला दिसत नाही. पण तुमच्या संगणकाला? पुष्कळ गेममध्ये तो नेमका कुठे बसलाय हे संगणकाला आधीच ठाऊक असतं! असावंच लागतं, कारण गडी बाहेर आला की त्याच क्षणी त्याचं चित्र काढायचं असतं. पत्त्यांच्या डावात सगळ्यांची पानं तुमच्याच खिशात ठेवावीत आणि ‘बघू नकोस हं’ एवढंच बजावावं, तसा हा प्रकार. ‘वॉलहॅक’ नावाची चीट, म्हणजे लबाडीचा प्रोग्रॅम, त्या खिशात हात घालते. मेमरीतले आकडे वाचते आणि भिंतीपलीकडचा माणूस पडद्यावर रंगवून दाखवते.

मग राखण करायची कशी? पहिली रीत झडतीची: संगणकात चीट शोधायची. चीट अर्थातच वेश बदलते. २०१८ मध्ये शांघायच्या काउंटर-स्ट्राइक स्पर्धेत एका भारतीय खेळाडूच्या संगणकावर सापडलेल्या चीटचं नाव होतं ‘वर्ड.ईएक्सई’. नाव वाचून कुणाला शंका यावी? तरी ती पकडली गेली. संघ स्पर्धेबाहेर गेला आणि खेळाडूवर ५ वर्षांची बंदी आली.

लपणारा खोल गेला, तसा शोधणाराही गेला. २०२० मध्ये ‘व्हॅलोरंट’ या गोळीबाराच्या गेमबरोबर आलेलं ‘व्हॅनगार्ड’ हे चीट शोधणारं सॉफ्टवेअर संगणक सुरू होतानाच जागं होतं आणि विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ठाण मांडतं. ते बंद केलंत तर संगणक रीस्टार्ट केल्याशिवाय खेळता येत नाही. यावर चीटवाल्यांनी काय काढलं असेल? दुसरा संगणक! खेळाच्या संगणकात डीएमए कार्ड बसवायचं. ते प्रोसेसरला वळसा घालून थेट मेमरी वाचतं आणि शेजारच्या संगणकाला देतं. चीट चालते तिकडे. आता झडती घ्यायची कुणाची?

या सगळ्यांत मला सर्वांत सुंदर वाटते ती रीत झडती घेतच नाही. व्हॅलोरंटचे सर्व्हर मुंबईतही आहेत. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या काटेवाडीत कुणी खेळायला बसलं, की सुमारे २५० किलोमीटरवरचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा, म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदांनी, डाव पुढे सरकवतो. दहा जणांपैकी कोण कुणाला दिसू शकेल, याचाही हिशेब तोच ठेवतो. दिसण्याची शक्यताच नसेल, तर त्या गड्याचा ठावठिकाणा तो काटेवाडीला पाठवतच नाही! आता कर्नल फोडा, कार्ड बसवा, मेमरीचा कोपरा न् कोपरा धुंडाळा. जे तिथे नाहीच ते चोरणार कसं? या रीतीला ‘फॉग ऑफ वॉर’, म्हणजे रणातलं धुकं, म्हणतात.

फट उरतेच. गडी दिसण्याच्या किंचित आधी माहिती धाडावी लागते, नाहीतर ती मुंबईहून पोचेपर्यंत तो हवेतून उगवल्यासारखा वाटेल. तेवढं निमिष वॉलहॅकला मिळतं. आणि आपोआप नेम धरणाऱ्या एमबॉटला तर हे धुकं अडवूच शकत नाही. त्याला समोर दिसणाराच गडी हवा असतो. तिथे झडतीसारखी दुसरी रीत लागते.

कधी मात्र मेमरीत मुद्दाम काहीतरी ठेवलंही जातं. ‘डोटा २’ या गेमच्या एका अपडेटमध्ये व्हॉल्व्ह कंपनीने असा डेटा घातला, जो सरळ खेळताना कधीच वाचला जात नाही. वाचेल ती फक्त चीट! त्याला कोण हात लावतंय हे कंपनीने गुपचूप टिपलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ४०,००० हून अधिक खाती कायमची बंद केली.