फरशीआधी पाण्याची परीक्षा

खालच्या घराच्या छताला ओल धरली, रंगाचे पोपडे सुटू लागले, की वरच्या बाथरूमचं काम काढावंच लागतं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार घरातल्या संडास-बाथरूमच्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती सदस्यानं स्वखर्चानं करायची असते. म्हणूनच जमेल तेवढं काम स्वतः करावं, उरलेलं डोळ्यांदेखत करून घ्यावं. सोसायटीला पत्र द्या, खालच्या शेजाऱ्यांना कल्पना द्या आणि राडारोडा कुठे जाणार ते आधीच ठरवा.

टाइल पाणी अडवते, पण दोन टाइलमधला सिमेंटचा सांधा पाणी पितो. ते पाणी खाली झिरपतं, म्हणून खरी भिस्त वॉटरप्रूफिंगवर असते. जुनी फरशी उखडल्यावर पृष्ठभाग स्वच्छ करून भेगा भरा. भिंत आणि जमीन मिळते तिथे गोलसर वाटा काढून घ्या, कारण गळतीची सुरुवात बहुधा कोपऱ्यातून आणि न्हाणी ट्रॅपच्या कडेनं होते. मग पॉलिमरमिश्रित सिमेंटचे दोन हात मारा. पहिला आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. लेप भिंतीवर किमान एक फूट, शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वर जायला हवा.

लेप पुरता सुकला की ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करून इंचभर पाणी साठवा. भिंतीवर पेन्सिलनं पातळीची खूण करा आणि 48 तास थांबा. या काळात खालच्या घरी जाऊन छत पाहून या. बाष्पीभवनानं पातळी किंचित उतरते. ती भराभर उतरली किंवा छताला डाग दिसला, तर गळकी जागा शोधून पुन्हा लेप द्या. भिंतीत गाडलेल्या पाइपांचीही प्लास्टरआधी पंपानं दाब देऊन तपासणी करा. शेजारी मोजपट्टी धरून त्यांचे फोटो काढून ठेवा. पुढे भिंतीला भोक पाडताना ते कामी येतात.

उतार दर फुटाला एक सूत, म्हणजे सहा फुटांत साधारण पाऊण इंच असावा. टाइल बसवताना गवंडी मध्ये मसाल्याचे गोळे ठेवून ती दाबत असेल, तर त्याला थांबवा. त्यानं कडा पोकळ राहतात. दातेरी थापीनं चिकटद्रव्य पूर्ण पसरायला सांगा. नंतर नाण्यानं ठोकून पाहा, पोकळ टाइल आवाजावरून कळते.

सांधे भरायचं काम घरी सहज जमतं. इपॉक्सी ग्राउट थोडंथोडंच कालवा, ते लवकर घट्ट होतं. रबरी पट्टीनं तिरकं ओढून सांध्यात दाबा आणि वाळण्याआधी ओल्या स्पंजनं टाइल पुसून घ्या. भिंत-जमिनीच्या कोपऱ्यात मात्र सिलिकॉन भरा, तिथली सूक्ष्म हालचाल ग्राउटला सोसत नाही.

विजेच्या कामात हात घालू नका. गिझरसाठी 16 अँपिअरचा सॉकेट, पक्कं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या.

गवंडी घाई करील, घरच्यांची गैरसोय होईल. तरीही पाण्याची परीक्षा पास झाल्याशिवाय एकही टाइल बसवू देऊ नका.