रोजचा संगणक – भाग ११ : एकाच बटणाचे दोन मालक

"मावशी, मी वाकून उडी मारली की तुझ्या मशीनवर मराठी का लागतं?"

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता. त्याचा हात लहानपणापासून विंडोजवर बसलेला, आणि चार दिवस तो माझ्या मॅकबुक एअरवर खेळत होता. त्याचा हा प्रश्न मी तेव्हाच वहीत लिहून ठेवला. मागच्या भागात आपण मॅकची चिप बघितली, तिचा वेग बघितला, कोणते खेळ तिच्यावर चालतात तेही बघितलं. पण चिप चांगली असून खेळताना अडखळायला होतं, तेव्हा बहुतेक वेळा अडखळतात ती आपली बोटं. त्यामुळे हा सबंध भाग बोटांसाठी.

आधी भाच्याचं उत्तर. नेमबाजीच्या खेळांत डाव्या हाताची तीन बोटं डब्ल्यू, ए, एस, डी या चार बटणांवर असतात: पुढे, डावीकडे, मागे, उजवीकडे. अंगठा स्पेसबारवर, म्हणजे उडी. करंगळी कंट्रोलवर, म्हणजे वाकणं. उंच खिडकीतून आत शिरायचं तर उडी मारून पाय पोटाशी घ्यावे लागतात, म्हणून कंट्रोल आणि स्पेस एकत्र दाबायचे. मॅकवर मात्र कंट्रोल-स्पेस या जोडीचं काम आधीच ठरलेलं आहे: कीबोर्डची भाषा बदलणं. ज्याच्या मशीनवर फक्त इंग्रजी आहे त्याला हे आयुष्यभर कळणार नाही, कारण बदलायला दुसरी भाषाच नसते. माझ्या मशीनवर देवनागरी आहे. तीही इनस्क्रिप्ट, जिच्यात डब्ल्यूच्या जागी ऐची मात्रा आहे, एच्या जागी ओची, एसच्या जागी एची आणि डीच्या जागी अक्षराचा पाय मोडणारं हलन्त चिन्ह. काही खेळ बटणाची जागा ओळखतात, त्यांना भाषेशी देणंघेणं नसतं. काही खेळ मात्र त्या बटणातून उमटणारं अक्षर वाचतात. अशा खेळातला गडी खिडकीत चढतो आणि तिथेच थिजून उभा राहतो, कारण आता त्याला 'पुढे चल' ऐवजी नुसती मात्रा ऐकू येते.

दुसऱ्या लिपीतही लिहिणाऱ्या आणि मॅकवर खेळणाऱ्या माणसाखेरीज हे दुखणं फारसं कुणाला होत नाही, म्हणून ते इतकं सविस्तर सांगितलं. उपाय सोपा आहे. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात शॉर्टकट्स, त्यात इनपुट सोर्सेस. कंट्रोल-स्पेसच्या पुढची खूण काढायची. कोपऱ्यातल्या फंक्शन बटणावर पृथ्वीगोल छापलेला असेल तर तेही बघून घ्यावं. करंगळी अंदाजाने कोपरा शोधते, मॅकच्या लॅपटॉपवर त्या कोपऱ्यात कंट्रोल नसून हा गोल असतो, आणि तोसुद्धा भाषा बदलू शकतो. त्याला 'काही करू नकोस' असं सांगायची सोय त्याच पानावर आहे.

पण मुळात असं का व्हावं? त्यासाठी १९८४ मध्ये जावं लागतं.

त्या वर्षीच्या २४ जानेवारीला पहिला मॅकिंटॉश आला. १२८ किलोबाइट मेमरी, नऊ इंची काळापांढरा पडदा, एका बटणाचा माउस. त्याच्या कीबोर्डवर बाणांची बटणं नव्हती. एफ-वनपासूनची वरची रांग नव्हती. कंट्रोलही नव्हतं. हे मुद्दाम केलेलं होतं. बाण दिले असते तर जुन्या यंत्रांवरचे प्रोग्रॅम लोकांनी जसेच्या तसे उचलून इकडे आणले असते, आणि माउसने चालणारं नवं टेबल, म्हणजे डेस्कटॉप, कुणी मनावर घेतलं नसतं. मला हा निर्णय फार धाडसी वाटतो. मॅकला काय व्हायचं नाही, हे त्या कीबोर्डवर जे नव्हतं त्यातून दिसतं.

कंट्रोल नव्हतं, पण कमांड होतं. कमांडवरची खूण, चारही कोपऱ्यांना वेढे घेतलेला चौकोन, मॅकच्या चित्रकार सुसान केर यांनी निवडली. स्वीडनमध्ये प्रेक्षणीय स्थळांच्या पाट्यांवर ती असते. आधी तिथे सफरचंद येणार होतं, पण मेनूमध्ये जिथे तिथे सफरचंदं दिसू लागल्यावर ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज यांनी हरकत घेतली. हे बटण स्पेसबारला खेटून, अंगठ्याच्या टप्प्यात बसवलं. तिथून पुढे ठरून गेलं: कमांड सोबत दाबलं की अक्षर उमटत नाही, हुकूम सुटतो. कॉपी, पेस्ट, बंद कर.

त्या पहिल्या मॅकमध्ये एक खेळही होता. अंक सरकवून क्रमाने लावायचं चौकोनी कोडं, पझल नावाचं. मार्केटिंगच्या लोकांना ते नको होतं. कामाच्या यंत्रात खेळ शोभत नाही, आणि जागाही खातो, असं त्यांचं म्हणणं. मॅकचे एक प्रोग्रॅमर अँडी हर्ट्झफेल्ड यांनी ते असेम्ब्ली भाषेत नव्याने लिहून जेमतेम ६०० बाइटमध्ये बसवलं, तेव्हा ते राहिलं. मॅकवर खेळाला सुरुवातीपासून अशी अंग चोरून जागा मिळत आली.

तरी जे होतं त्यातून खेळ लिहिणाऱ्यांनी वाट काढली. १९८६ च्या 'डार्क कॅसल'मध्ये डाव्या हाताने डब्ल्यू-ए-एस-डी दाबत चालायचं आणि उजव्या हातातल्या माउसने नेम धरून दगड मारायचे. आज जगभरच्या नेमबाजीच्या खेळांत हात जसे बसतात, तसेच ते तिथे एका मॅकवर बसले होते. भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्याने खेळ थांबवून माझ्याकडे बघितलं.

कंट्रोल नंतर आलं, आणि आलं तेव्हा रोजची सगळी कामं कमांडने वाटून घेतलेली होती. मोकळं बसलेलं बटण यंत्रणेने हळूहळू स्वतःच्या घरकामाला लावलं. १९९७ च्या मॅक ओएस ८ मध्ये उजव्या क्लिकचा मेनू आला, पण माउसला बटण एकच, म्हणून कंट्रोल दाबून क्लिक म्हणजे उजवं क्लिक. पुढे अनेक डेस्कटॉप आले, तेव्हा कंट्रोल आणि डावा-उजवा बाण म्हणजे शेजारच्या डेस्कटॉपवर सरकणं. त्यानंतर भाषाबदल. प्रत्येक वेळी तो निर्णय टेबलावर काम करणाऱ्या माणसाच्या सोयीचाच होता. दुसरीकडे विंडोजवरच्या खेळांनी तेच बटण करंगळीखाली घेतलं. एका बटणाला दोन मालक झाले, आणि दोघांपैकी यंत्रणेचा हात आधी पोचतो.

म्हणून 'डूम'सारखा १९९३ चा खेळ, ज्यात बाणांनी चालायचं आणि कंट्रोलने गोळी झाडायची, मॅकवर त्याच मूळ बटणांनी खेळलात तर वळता वळता गोळी झाडताच सबंध खेळ पडद्यावरून बाजूला सरकतो आणि समोर तुमचं ईमेल येतं. कंट्रोलने वाकून माउसच्या क्लिकने गोळी झाडली तर काही खेळांत ते उजवं क्लिक धरलं जातं आणि बंदुकीऐवजी दुर्बीण डोळ्याला लागते. उपाय म्हणून काही जण वाकण्याचं काम कमांडला देतात. कृपा करून तसं करू नका. कमांड-स्पेस म्हणजे स्पॉटलाइटची शोधपट्टी, कमांड-डब्ल्यू म्हणजे खिडकी बंद, आणि डब्ल्यूच्या शेजारी क्यू आहे. कमांड-क्यू म्हणजे खेळ संपला, बहुतेक वेळा काही न विचारता. वाकण्याला सी द्यावं. अंगठ्यापासून जवळ आहे आणि यंत्रणेचा त्याच्यावर हक्क नाही.

लॅपटॉपच्या वरच्या रांगेचीही हीच गत. पुष्कळ खेळांत एफ-फाइव्ह म्हणजे चटकन सेव्ह. माझ्या एअरवर त्या बटणावर माइक आहे. राक्षस दारात उभा असताना भाच्याला यंत्र विचारतं, बोलून लिहायचंय का? 'एफ-वन, एफ-टू नेहमीच्या फंक्शन बटणांसारखी वापरा' हे सेटिंग लावलं की प्रश्न सुटतो, फक्त मग आवाज कमीजास्त करायला कोपऱ्यातलं फंक्शन बटण सोबत दाबावं लागतं.

बटणांपाठोपाठ कडा. मॅकचा मेनू खिडकीत नसून पडद्याच्या माथ्यावर असतो, यामागे चांगलं शास्त्र आहे. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवलं की लक्ष्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ त्याच्या अंतरावर आणि आकारावर ठरतो. कडेला लागलेलं लक्ष्य तर कितीही जोरात गेलात तरी चुकत नाही, कारण माउसचा बाण कडेपलीकडे जातच नाही. म्हणून डोळे न लावताही मेनू हाताला सापडतो. पण राज्यं उभारण्याच्या, सैन्यं हलवण्याच्या खेळांना नेमकी हीच कड हवी असते. बाण कडेला टेकवला की नकाशा सरकतो. वर टेकवलात की मेनू खाली उतरतो, खाली टेकवलात की डॉक वर येतो. उजव्या खालच्या कोपऱ्यात पुष्कळदा छोटा नकाशा असतो, आणि २०२१ च्या मॉन्टेरेपासून मॅकने त्याच कोपऱ्यात झटपट टिपणाची वही ठेवली आहे. डेस्कटॉप आणि डॉकच्या सेटिंग्जमध्ये हॉट कॉर्नर्स नावाचं बटण आहे. तिथे चारही कोपरे मोकळे करता येतात. खेळत नसलात तरी एकदा जाऊन बघा.

माउसचं थोडक्यात. मॅकवर हात हळू हलवला तर बाण थोडा जातो, झटक्यात हलवला तर तेवढ्याच अंतरात कितीतरी पुढे जातो. मजकूर निवडायला हे उत्तम. नेमबाजाला मात्र तीन बोटं हात सरकला की किती वळलो हे अंगवळणी पडायला हवं, आणि अंतर वेगाप्रमाणे बदलत राहिलं तर ते कधीच पडत नाही. माउसच्या प्रगत सेटिंग्जमधलं पॉइंटर ॲक्सिलरेशन खेळापुरतं बंद करावं.

आता एक सवय, जी विंडोजकडून येणाऱ्या प्रत्येकात मला दिसते आणि जिची खरी किंमत खेळताना मोजावी लागते. लाल ठिपका दाबला की प्रोग्रॅम बंद झाला असं त्यांना वाटतं. बहुतेक वेळा होत नाही. मॅकमध्ये खिडकी ही कागदाची, प्रोग्रॅमची नव्हे. कागद उचलून ठेवला म्हणून दौत-टाक आवरले जात नाहीत. डॉकमधल्या चित्राखाली बारीक ठिपका आहे तोवर प्रोग्रॅम मेमरीत बसलेला आहे. माझ्या मशीनची मेमरी आठ गिगाबाइट, आणि ॲपलच्या चिपमध्ये तीच मेमरी चित्रं रंगवणाऱ्या भागालाही वाटून घ्यावी लागते. भाचा तक्रार करत होता की खेळ धापा टाकतोय. बघितलं तर ब्राउझर, दोन चॅट आणि सकाळचं माझं पानं लावायचं सॉफ्टवेअर, सगळे खिडक्या मिटून आत जागे होते. खेळाआधी ठिपके बघायचे आणि एकेकाला कमांड-क्यू करायचं. खेळात जे बटण घात करतं, तेच खेळाआधी कामाचं.

त्याच ओघात, खेळ पूर्ण पडद्यावर चालवा. २०२३ च्या सोनोमापासून ॲपलच्या चिपवर गेम मोड आहे. तो खेळाला चिपवर पहिला मान देतो आणि बिनतारी कंट्रोलरचे इशारे दुप्पट वेळा वाचतो, पण खेळ खिडकीत असेल तर जागाच होत नाही. पडद्याची बारकाईही थोडी खाली आणा. तेरा इंची एअरवर २५६० गुणिले १६०० म्हणजे जवळजवळ ४१ लाख ठिपके, प्रत्येक चित्राला. १४४० गुणिले ९०० वर ते १३ लाखांच्या आत येतात. पंखा नसलेल्या यंत्राला हा फरक मांडीवर कळतो.

एवढी सगळी बटणं खेळाआधी बदलायची आणि लिहायला बसताना परत लावायची, हे रोज कुणाकडून होणार? माझ्याकडून तर दोन दिवसही झालं नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही त्याच यंत्रावर दुसरं खातं उघडलं. शॉर्टकट, हॉट कॉर्नर्स, कीबोर्डच्या भाषा, वरची रांग, माउसचा वेग, हे सगळं मॅकमध्ये खात्यागणिक वेगळं राहतं. त्या खात्यात एकच भाषा, इंग्रजी. चारही कोपरे रिकामे. कंट्रोलचे बाण काढून टाकलेले. एक काळजी मात्र घ्यावी: आपल्या खात्यातून नुसतं तिकडे उडी मारून जाऊ नये, रीतसर लॉग आउट करावं, नाहीतर इकडचे सगळे प्रोग्रॅम मागे चालूच राहतात.

भाचा परत गेला, खातं आहे. त्याचं नाव त्याने 'खेळ' असं ठेवलंय, मराठीत, माझ्या खात्यातून टाइप करून घेतलं.

(पुढच्या आठवड्यात : २०१९ च्या कॅटालिनाने ३२ बिटांचे प्रोग्रॅम बंद केले तेव्हा कोणते खेळ हरवले, आणि जुन्या मॅकवर ते अजून कसे खेळता येतात.)