उलाळ गाडी, उलाळ विमान

'मराठी घेऊन बी. ए. करणाऱ्याने विमान कशाला करावे?' हा प्रश्न मला गेल्या वर्षी वर्गमित्रांनी विचारला, ग्रंथालयात विचारला गेला, आणि खांडबारा स्टेशनावर खोके सांभाळत उभा असताना अनोळखी माणसांनीही विचारला. त्याचे उत्तर मला आजही धड देता येत नाही. विमान कसे केले आणि ते पहिल्या खेपेस का पडले, एवढे मात्र सांगता येईल.

विमान म्हणजे माणूस बसेल असे नव्हे. तसले विमान कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपच्या एका गच्चीवर बांधले आणि २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले. माझे विमान पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत एक मीटर. सुटीत सुरतेस काम करून साठविलेले पैसे त्यात घातले. घरी खरी किंमत सांगितली नव्हती, त्यामुळे ते मोडले तर दुसरे आणणे शक्य नव्हते.

खोक्यात लाकडाचे पातळ तक्ते येतात. त्यांवर भाग लेसरने कापलेले असतात. ते सोडवायचे, पॉलिश पेपरने घासायचे आणि नकाशावर ठेवून चिकटवायचे. हे लाकूड बाल्सा. दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशातून ते जगभर जाते. आमचे आजोबा सुतार. हयातभर त्यांनी बैलगाड्या केल्या. गाड्यांची कामे थांबली तरी वाकस आणि पटाशी अजून धारेवर आहेत. त्यांनी एक फासळी तळहातावर घेतली आणि अहिराणीत विचारले, "हाई काय शे रे? लाकूड का भेंड?" बाशिंगे ज्या भेंडाची करतात, तेच त्यांना आठवले. एक घनफूट सागाचे वजन अठरा-एकोणीस किलो भरते. तेवढाच बाल्सा चार-पाच किलोत येतो. गंमत अशी की, हे परदेशी झाड आपल्या काटेसावरीच्या कुळातले आहे. हे सांगितल्यावर आजोबांचा त्याच्यावर थोडा विश्वास बसला.

पंखाची रचना कौलारू घराच्या आढ्यावाशांसारखी असते. मध्ये लांब कणा, त्यावर ओळीने फासळ्या, आणि वरून पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा. पापुद्र्यावर कोमट इस्त्री फिरवली की तो आकसून ढोलकीच्या पुडीसारखा ताणला जातो. हे काम फार आनंदाचे आहे. आमची इस्त्री त्यात बिघडली, पण तो विषय घरात आता मिटला आहे.

पुढे मोटार आणि पंखा, पोटात बॅटरी आणि रिसीव्हर. हातातल्या ट्रान्समीटरची दांडी हलवली की रेडिओलहरींनी आज्ञा रिसीव्हरकडे जाते. तो सर्व्हो नावाच्या काड्यापेटीहून लहान मोटारीला ती देतो, आणि सर्व्हो तारेने शेपटीची झडप वरखाली करतो. झडप वर झाली की शेपूट दबते व नाक उचलते.

रबराच्या पिळावर उडणारे छोटे विमान फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो याने १८७१ मध्येच पॅरिसला उडवून दाखविले होते. विजेवरच्या विमानाला मात्र फार थांबावे लागले, कारण बॅटऱ्या जड होत्या. रेडिओने चालविलेले विजेचे विमान इंग्लंडमध्ये कर्नल टॅप्लिन यांनी ३० जून १९५७ रोजी उडविले. त्यात चांदी-जस्ताच्या महागड्या बॅटऱ्या होत्या. हा छंद माझ्यासारख्याच्या आवाक्यात आला तो अलीकडच्या हलक्या लिथियम बॅटऱ्यांमुळे. माझी बॅटरी अवघी नव्वद ग्रॅमची आहे.

आता चूक. आडव्या शेपटीची पुढची पट्टी दाबताना माझ्या हातून मोडली. आजोबांच्या कामाच्या जागेतून मी सागाची एक कांब घेतली, घासून तिच्या जागी बसवली, गोंद सढळ हाताने लावला आणि वर रंग दिला. शेपूट इतके मजबूत झाले की मी ते दोन-तीन जणांना अभिमानाने दाखविले. बारा ग्रॅम वजन वाढले होते. बारा ग्रॅम म्हणजे काय, असे मला वाटले.

डिसेंबरमध्ये भाताची कापणी झालेल्या शेतात आम्ही सकाळी सातला गेलो, कारण त्या वेळी वारा पडलेला असतो. रेल्वेच्या विजेच्या तारांपासून दूर जागा निवडली होती. (२०२१ च्या ड्रोन नियमांत आकाशाचे हिरवा, पिवळा आणि तांबडा असे भाग पाडले आहेत. कोणी हा उद्योग करणार असेल तर त्याने आधी तो नकाशा पाहावा आणि नोंदणीच्या अटी समजून घ्याव्यात.) मित्राने विमान हातातून सोडले. नाक वर झाले, आणखी वर झाले. मी दांडी पुढे रेटली, तरी ते वरच पाहत राहिले. मग वेग संपला, पंखाखालचा आधार तुटला आणि विमान एका कुशीवर कोसळले. पंखा तुटला, मोटारीची फळी निखळली आणि तीन फासळ्या गेल्या. सारे मिळून सहा-सात सेकंद.

मी मोडके विमान पोत्यात घालून घरी आणले आणि दोन दिवस त्याकडे पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी आजोबांनी ते पोत्यातून काढले, पंखाखाली दोन बोटे धरून उचलले. शेपूट खाली गेले. ते म्हणाले, "उलाळ शे."

बैलगाडीत मागे भार झाला की धुरा वर उचलते, जू बैलांच्या मानेवर टेकत नाही. त्या गाडीला उलाळ म्हणतात. विमानाचेही हेच. त्याचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून ठराविक अंतरावर यावा लागतो. माझ्या नकाशात ते पासष्ट मिलिमीटर दिले होते. बॅटरी बसवून तो एकदा तपासायचा असतो, आणि मी नेमके तेच केले नव्हते. शेपूट तोलबिंदूपासून पन्नास सेंटिमीटर लांब. बारा गुणिले पन्नास म्हणजे सहाशे. तेवढे फेडायला नव्वद ग्रॅमची बॅटरी जवळजवळ सात सेंटिमीटर पुढे सरकवावी लागेल, आणि पुढे तर मोटार!

आजोबांनी सागाची कांब काढायला लावली. आपलेच लाकूड काढताना त्यांना वाईट वाटले असावे, पण बोलले नाहीत. तक्त्यांच्या उरलेल्या चौकटीतून मी बाल्साची पट्टी कापली. दोन फासळ्याही त्यातच निघाल्या. तिसरीपुरता बाल्सा उरला नाही, तेव्हा ती त्यांनी सावरीच्या फळकुटातून करून दिली. ती बाल्साहून दुपटीने जड भरली. मी कुरकुर केली, तेव्हा त्यांनी बोट तिच्यावर ठेवले, मग तोलबिंदूवर ठेवले. दोन्ही जवळजवळ एकाच जागी होते. गाडीतही धान्याचे पोते आसावर ठेवले तर बैलांना जाणवत नाही.

दुसऱ्या खेपेस आजोबा शेतावर आले. विमान सुटले, किंचित खाली दबले आणि मग सरळ निघाले. त्या चार मिनिटांत माझी मान अवघडली, कारण विमानावरून नजर काढता येत नाही. आंब्यापलीकडे गेल्यावर आजोबांना ते दिसेना. "आता कोठे शे?" असे ते दोनदा विचारत होते आणि मला बोट दाखवायलाही हात मोकळा नव्हता. परत येताना उन्हात पापुद्र्यातून फासळ्या दिसल्या. सावरीची एक जरा काळसर होती. विमान भाताच्या खुंटांत पोटावर उतरले; पंख्याचे एक पान गेले, बाकी सारे शाबूत.

सध्या ते ओसरीच्या वाशाला टांगले आहे. बॅटरी वेगळ्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो, कारण ती पेट घेऊ शकते, आणि अर्धवट भारित ठेवतो. आजोबांनी सावरीचे आणखी एक फळकूट सावलीत वाळत घातले आहे.