मुलं 'सिन्स टू इयर्स' का म्हणतात?

'आय ॲम लिव्हिंग इन पारनेर सिन्स टू इयर्स.' आठवी-नववीच्या वह्यांमध्ये हे वाक्य आपण सगळ्यांनीच वाचलेलं आहे. गावाचं नाव बदलतं, वर्षांचा आकडा बदलतो, वाक्य तेच राहतं. त्यावर लाल रेघ ओढायची, वर 'हॅव बीन लिव्हिंग' आणि 'फॉर' असं लिहायचं आणि पंधरा दिवसांनी तेच वाक्य पुन्हा तपासायचं, हेही ठरलेलं. (इंग्रजी वाक्यं इथे मुद्दामच देवनागरीत लिहिली आहेत. स्पेलिंगचा गुंता वेगळा आहे, तो आज नको.)

प्रयोगशाळेत एखादं निरीक्षण पुन्हा पुन्हा तसंच आलं, तर आपण त्याला अपघात म्हणत नाही. त्यामागे काहीतरी नियम असणार असं धरून चालतो. मग वहीतल्या चुकीलाच तेवढं 'निष्काळजीपणा' म्हणून का सोडून द्यायचं? निष्काळजी मुलगा एकदा एक चुकेल, दुसऱ्यांदा दुसरंच काहीतरी चुकेल. वर्गातली तीस मुलं एकमेकांचं न बघता एकच वाक्य एकाच पद्धतीनं चुकतात, तेव्हा ती कुठला तरी नियम पाळत असतात.

विज्ञानाच्या मासिकात इंग्रजी व्याकरण कशाला, असं काही वाचकांना वाटेल. पण आपल्याकडे दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेल्या मुलांना अकरावीला विज्ञान शाखेत इंग्रजीच वापरावं लागतं. काही शाळांत सेमी-इंग्रजीमुळे हा बदल आणखी आधी होतो. प्रकाशाचं अपवर्तन मराठीत उत्तम समजावून सांगणारी मुलगी इंग्रजीत चार वाक्यं लिहिते, चारही वाक्यं लाल होतात. पुढच्या वेळी ती दोनच वाक्यं लिहिते. त्यानंतर गाइडमधली पाठ केलेली वाक्यं उतरवते आणि तिला काय समजलं आहे हे कळण्याचा आपला रस्ताच बंद होतो. हे नुकसान विज्ञानाच्या शिक्षकाचंही आहे.

तर मग कारण शोधू या. सुरुवात मराठीपासून करावी लागेल.

आपण म्हणतो, 'मी दोन वर्षांपासून पारनेरला राहतो आहे.' यात 'राहतो आहे' हा अपूर्ण वर्तमानकाळ. मुलांना आपण शिकवलेलं असतं की अपूर्ण वर्तमानकाळ म्हणजे प्रेझेंट कंटिन्युअस. म्हणजे 'ॲम लिव्हिंग' हे अगदी नियमाप्रमाणे झालं. 'पासून' म्हणजे 'सिन्स', हेही आपणच सांगितलेलं. तेव्हा मुलानं गणित बरोबर सोडवलं आहे. त्याला दिलेलं सूत्रच अपुरं होतं.

आता दुसरं वाक्य घ्या. 'मी हा सिनेमा गेल्या वर्षी पाहिला आहे.' अगदी स्वाभाविक मराठी. 'पाहिला आहे' हा पूर्ण वर्तमानकाळ, म्हणून मूल लिहितं, 'आय हॅव सीन धिस मूव्ही लास्ट इयर.' इंग्रजीत हे चालत नाही. 'गेल्या वर्षी' असा संपून गेलेला काळ सांगितला की तिथे साधा भूतकाळच लागतो. मराठीतला 'आहे' सांगतो की त्या घटनेचं आज काहीतरी शिल्लक आहे, मग घटना केव्हाची का असेना. इंग्रजीतल्या परफेक्टला आणखी एक अट आहे: वाक्यातला काळ आजपर्यंत पोचलेला हवा. दोन वर्षांपूर्वी सुरू झालेलं राहणं आजपर्यंत पोचतं, म्हणून तिथे परफेक्ट हवा. गेल्या वर्षीचा सिनेमा गेल्या वर्षीच संपला, म्हणून तिथे नको. मराठी माणूस पहिल्या वाक्यात फक्त 'आता राहतो आहे ना?' एवढंच बघतो.

गडबड नावांमुळे झाली आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं, आणि तेव्हापासून आपल्या शालेय व्याकरणावर इंग्रजी व्याकरणाच्या मांडणीची छाप आहे. त्यात वाईट काही नाही. पण दोन भाषांतल्या काळांची नावं एकमेकांसमोर अशी नीट बसली की त्यांची कामंही सारखीच असतील, असं वाटू लागतं. फूट आणि मीटर दोन्ही लांबी मोजतात म्हणून तीन फूट म्हणजे तीन मीटर होत नाहीत. 'पूर्ण वर्तमानकाळ' आणि 'प्रेझेंट परफेक्ट' यांचंही तसंच आहे.

मराठीलाच ही खोड आहे असं मात्र समजू नका. हिंदीत 'दो साल से' म्हणतात. जर्मन आणि फ्रेंच माणूसही आपापल्या भाषेत अशा ठिकाणी साधा वर्तमानकाळच वापरतो, आणि काळाचा बिंदू असो की लांबी, दोन्हींसाठी एकच शब्द वापरतो. त्यामुळे इंग्रजी शिकणारा जर्मन विद्यार्थीही 'सिन्स टू इयर्स' म्हणतो! पारनेरचा मुलगा आणि बर्लिनचा मुलगा एकच चूक करतात, कारण इथे वेगळी वागणारी भाषा इंग्रजी आहे.

यावरून कुणाला वाटेल की मराठी आणि इंग्रजी शेजारी ठेवून फरकांची यादी केली की सगळ्या चुका आधीच सांगता येतील. अमेरिकन भाषातज्ज्ञ रॉबर्ट लाडो यांनी १९५७ साली साधारण असंच मांडलं होतं: आपल्या भाषेसारखं जे असेल ते सोपं, वेगळं असेल ते अवघड. पण ही कल्पना तपासून पाहायला आपल्याकडे फार चांगलं उदाहरण आहे. 'मी आंबा खाल्ला', 'मी चिंच खाल्ली', 'मी केळं खाल्लं'. भूतकाळात आपलं क्रियापद कर्माप्रमाणे लिंग बदलतं. इंग्रजीत असं काहीच नाही. फरक एवढा मोठा, पण चिंच खाल्ली म्हणून 'एट' चं रूप बदलणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही. फरक आहे, अडचण नाही.

उलट उदाहरण 'ही गो' चं. मराठीत क्रियापद कर्त्याप्रमाणे सतत बदलतं: जातो, जाते, जातोस, जातात. एवढी सवय असलेल्या मुलाला 'गोज' मधला एक 'स्' काय जड? पण दहावीपर्यंत तो गळतच राहतो. मराठीकडे याचं उत्तर नाही. ते सापडतं अगदी वेगळ्या ठिकाणी.

रॉजर ब्राउन या मानसशास्त्रज्ञानं इंग्रजी ही मातृभाषा असलेल्या तीन लहान मुलांचं बोलणं दीर्घकाळ नोंदवलं आणि १९७३ साली प्रसिद्ध केलं. व्याकरणाची चौदा छोटी रूपं त्यानं निवडली होती. तिन्ही मुलांत ती जवळजवळ एकाच क्रमानं आली. 'आयएनजी' फार लवकर आलं. अनेकवचनाचा 'स्' ही लवकर आला. क्रियापदाचा 'स्' पुष्कळ उशिरा आला. उच्चार तोच, पण एक लवकर आणि दुसरा उशिरा. पुढच्याच वर्षी हायडी ड्युले आणि मरीना बर्ट यांनी इंग्रजी शिकणाऱ्या स्पॅनिश आणि चिनी मुलांची तुलना केली. या दोन भाषांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, तरी दोन्ही गटांतला क्रम बराचसा सारखा निघाला, आणि क्रियापदाचा 'स्' तिथेही मागेच होता.

असं का व्हावं? एक पटणारं कारण असं. अनेकवचनाचा 'स्' काहीतरी सांगतो: पुस्तक एक की अनेक. 'ही गोज' मधला 'स्' नवीन काहीच सांगत नाही. जाणारा कोण हे 'ही' नं आधीच सांगून टाकलेलं असतं. अर्थाच्या मागे धावणारं मन बिनकामाच्या गोष्टीकडे लक्ष देत नाही. आपण मात्र हा 'स्' इंग्रजीच्या अगदी पहिल्या वर्षी शिकवतो आणि तो शेवटपर्यंत येत नाही म्हणून चिडतो. मग काही मुलं आपली चिडचिड ओळखून दिसेल त्या क्रियापदाला 'स्' लावू लागतात आणि 'बॉइज प्लेज' तयार होतं. खरं तर तेही प्रगतीचंच लक्षण आहे: नियम सापडला आहे, त्याची हद्द अजून सापडलेली नाही.

तिसरा प्रकार जरा नाजूक आहे. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.' मराठीत आपण 'मला दोन भाऊ आहेत' म्हणतो. 'असतो आहे' असं कुणी म्हणत नाही. म्हणजे ही चूक मराठीतून सरळ उचललेली दिसत नाही. माझा संशय आपल्या वर्गावर आहे. पहिली काही वर्षं आपण दार उघडत, खिडकी लावत, 'आय ॲम ओपनिंग द डोअर' असं मुलांकडून घोकून घेतो. कृती दिसते, मुलांना मजा येते, पण 'ॲम' आणि 'आयएनजी' म्हणजेच इंग्रजी अशी समजूत बळावते. यावर उपाय म्हणून उदाहरणं कृतीऐवजी स्थितीची द्यावीत. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. 'इट हॅज थर्टी डिशेस. ईच डिश मेझर्स फॉर्टी-फाइव्ह मीटर्स.' तबकड्या तीसच आहेत, त्या आत्ता तीस 'होत' नाहीयेत. विज्ञानाची वाक्यं पुष्कळदा अशीच असतात: पाणी उकळतं, लोह गंजतं, पृथ्वी फिरते. इथे मराठी आणि इंग्रजी दोघींनाही साधा वर्तमानकाळच चालतो आणि मराठी मदतीला धावते.

पिट कॉर्डर यांनी १९६७ साली एक लेख लिहून शिक्षकांचं लक्ष नेमकं इकडे वेधलं होतं. नजरचूक वेगळी आणि चूक वेगळी. नजरचूक दाखवली की मूल स्वतःच दुरुस्त करतं. चूक दाखवली तर ते गोंधळून आपल्याकडे बघतं, कारण त्याच्या नियमाप्रमाणे ते बरोबरच असतं. १९७२ साली लॅरी सेलिंकर यांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं: शिकणाऱ्याच्या डोक्यात मातृभाषाही नसते आणि शिकायची भाषाही नसते, तर दोन्हींच्या मधली एक तिसरीच भाषा असते, आणि तिलाही व्याकरण असतं. आठवी-नववीचं मूल या मधल्या भाषेच्या ऐन मध्यावर असतं. त्याला शब्द येतात, वाक्य जुळवता येतं, बोलायचं धाडसही असतं. म्हणून तर चुका दिसतात. पाचवीतलं मूल पाठ केलेलं वाक्य म्हणतं, ते कुठे चुकतं?

मग वर्गात काय करायचं? महिनाभर लाल पेन बाजूला ठेवून एका वहीत फक्त नोंदी कराव्यात: वाक्य जसंच्या तसं, आणि शेजारी 'मराठीत काय म्हणायचं होतं?' याचं मुलानं दिलेलं उत्तर. हा दुसरा रकाना फार बोलका असतो. मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य एकमेकांवर तंतोतंत बसलं, तर मूळ मराठीत शोधावं. बसलं नाही, तर ती वाढीची पायरी असेल किंवा आपल्या शिकवण्याचा परिणाम असेल.

मराठीतून आलेल्या चुकीवर समजावण्याचा उपयोग होतो, आणि तोही मराठीतूनच. 'सिन्स' साठी आपल्या भाषेतच एक छान कसोटी आहे. 'दोन वर्षांपासून' ऐवजी 'गेली दोन वर्षं' म्हणता येतं. 'सोमवारपासून' चं तसं करता येत नाही. 'गेली', 'गेले' लावून 'पासून' काढता आलं की 'फॉर', नाहीतर 'सिन्स'. गणिताच्या शिक्षकांना रेषाखंड आणि बिंदू सांगणं जास्त आवडेल, तेही चालेल. आपला पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. शाळेच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी घेऊन मुलांना वाक्यं करायला लावा: 'इट हॅजन्ट रेन्ड फॉर थ्री वीक्स', 'इट हॅजन्ट रेन्ड सिन्स द फिफ्थ ऑफ जुलै'. गंमत म्हणजे इथे मराठीही 'तीन आठवडे पाऊस पडलेला नाही' असंच म्हणते. वर्तमानाची ओढ तिथे नसते. आधी अशी जुळणारी वाक्यं घ्यावीत, मग 'राहतो आहे' कडे वळावं.

निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे तर काळांचा धडा शिकवायला तयारच आहेत. 'पुराच्या भोवऱ्यात दगडगोटे फिरतात आणि खडक झिजवतात': साधा वर्तमानकाळ. 'नदीनं बेसॉल्टमध्ये खोल खळगे कोरले आहेत': समोर दिसतात, म्हणून परफेक्ट. 'आम्ही गेल्या रविवारी ते पाहिले': रविवार संपला, म्हणून साधा भूतकाळ. तीनही वाक्यं दोन्ही भाषांत समांतर चालतात. सहल काढलीच, तर परतल्यावर हीच तीन वाक्यं आधी मराठीत लिहून घ्यावीत.

क्रियापदाच्या 'स्' ला हे औषध लागू पडत नाही. मानफ्रेड पीनेमान यांनी १९८४ साली जर्मन शिकणाऱ्या इटालियन मुलांवर केलेल्या प्रयोगात आढळलं की आधीच्या पायरीवर पोचलेल्या मुलाला शिकवलं तर ते पुढे सरकतं. न पोचलेल्याला तेच शिकवून उपयोग होत नाही. म्हणून हा 'स्' मुलांच्या डोळ्यांसमोर आणि कानांवर भरपूर येऊ द्यावा, बोलताना मध्येच थांबवून दुरुस्त करू नये, आणि विज्ञानाच्या उत्तराचे गुण तर त्यासाठी कापूच नयेत. 'लाइट ट्रॅव्हल फास्टर दॅन साउंड' हे भौतिकशास्त्र पूर्ण बरोबर आहे.

'ए' आणि 'द' बद्दल लिहायचं तर स्वतंत्र लेख लागेल. ज्यांच्या भाषेत आर्टिकल नाही अशा सगळ्यांनाच ती शेवटपर्यंत छळतात. जपानी आणि कोरियन विद्यार्थी यात आपल्याच पंगतीला आहेत. नववीत त्यातलं एकच धरावं: पहिल्यांदा सांगताना 'ए', त्याच वस्तूचा पुन्हा उल्लेख करताना 'द'. 'टेक ए बीकर. फिल द बीकर विथ वॉटर.' प्रयोगाची कृती लिहिताना हे आपोआप दहा वेळा येतं. बाकीची आर्टिकल्स चुकली तर त्या वर्षी तिकडे पाहू नये.